धुळ्याच्या नोटिसा

३ मार्च, सोमवार

ही डायरी २०२२ सालची आहे. पानावर गुरुवार छापलाय, तो खोडून मी सोमवार केला. यांनी मंडपाच्या बुकिंगसाठी घेतली होती. अर्ध्याहून जास्त पानं कोरीच राहिली. रद्दीत टाकायला हात होईना, म्हणून लिहायला घेतली. मधूनमधून यांच्या अक्षरात एखादी ओळ आहे. कुठल्या गावाला किती खुर्च्या, कुणाचा फोन, कुठे डिझेल. मी एक नियम केला आहे. पुढचं पान उलटून बघायचं नाही. ज्या तारखेला जी ओळ येईल ती त्याच दिवशी वाचायची. माणूस संपला, अक्षर तरी पुरवून वापरावं.

आज कोकिळा येऊन गेली. माझी धाकटी बहीण. धुळ्याला शाळेत शिपाई आहे. दारात पाय ठेवल्यापासून हसत होती. एसटीत कोणीतरी कोंबडी पिशवीत घालून आणली होती आणि कंडक्टर तिचं तिकीट मागत होता, असलं काहीतरी. मी विकायच्या बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ शिजवत होते. कढईकडे बघत ऐकून घेतलं. हिला हसायला काय जातं. हिचा नवरा घरी आहे.

नवलरावांचे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे, दोन टेम्पो होते. लॉकडाऊनमध्ये उभे राहिले, हप्ते थकले. त्यांनी सरळ धुळ्याच्या कोर्टात नादारीचा अर्ज केला. माझ्याकडे द्यायला काही उरलं नाही, असं लिहून दिलं. टेम्पो गेले, माणूस मोकळा झाला. आता गॅरेजात कामाला जातात. आमचंही तेव्हाच बुडालं. लग्नंच बंद, तर मंडप कोणाला हवा? पण यांनी कोर्टाकडे तोंड केलं नाही. पतसंस्थेचं कर्ज फेडत राहिले. गेल्या गणपतीत बांबू बांधताना छातीत कळ आली, तर शिडीवरून नीट उतरले, शिडीच्या पायाशी बसले आणि तसेच गेले.

बुडवणारा हसतो आणि फेडणारा भिंतीवर हार घालून बसतो.

कोकिळाच्या हातात आज बांगड्या नव्हत्या, नुसती काच. सोन्याच्या दोन असायच्या. माझ्यासमोर साधं दिसायचं म्हणून काढून आली असणार. मला असली दया नको.

६ मार्च, गुरुवार

यांची ओळ आली. “पारोळा, जीवराम. मुलीचं लग्न. ३०० खुर्च्या, जनरेटर. रद्द. लॉनवर करतात.”

जीवरामला तेव्हा मी मनातून शिव्या दिल्या होत्या. त्याच्या थोरलीच्या लग्नात यांनी पावसात उभं राहून ताडपत्री धरली होती. आज ओळ वाचली आणि राग आला नाही. ‘रद्द’ हा शब्द यांनी किती सरळ लिहिलाय.

११ मार्च, मंगळवार

बिबडे बांधायला रद्दी काढली. चौथीनंतर मला शाळेतून काढलं. वाचायला खरी शिकले ती या रद्दीवरच. एवढे पुडे बांधले, पण कागद वाचल्याशिवाय एकही बांधला नाही. आज जाहीर नोटिसांच्या पानावर थांबले. “अमुक, राहणार धुळे, यांनी स्वतःला नादार ठरवून मिळणेसाठी अर्ज केला आहे. कोणाची हरकत असल्यास हजर राहावे.” दुसऱ्या कागदावर पुन्हा तशीच. मग सगळा गठ्ठा सोडला. तीन वर्षांचे अंक होते, मधले बरेच नव्हते.

धुळ्याकडच्या नोटिसा निघाल्या चौदा. आमच्या जळगाव जिल्ह्याच्या दोन, त्यातला एक भुसावळचा रेल्वेतला. आमच्या अमळनेरची एकही नाही. सातपुड्याकडच्या गावांचीही एकही नाही.

मध्ये नुसती बोरी नदी आणि तासाभराची एसटी. तेवढ्यात माणसं अशी कशी बदलतात? कापूस तोच, भाकरी तीच, बोलणंही तेच. मग दिवाळं तिकडेच का निघतं?

पहिलं उत्तर मला लगेच सुचलं. तिकडची माणसं निलाजरी आहेत.

शेजारच्या ताईबाई आल्या होत्या. यांच्या गाद्या-लोड त्याच शिवायच्या. त्यांना कागद दाखवले, तर चष्मा पुसत म्हणाल्या, “आपलाकडे दिवाळं निंघत नही व माय. मानूस निंघी जास.”

मी नोटिसा कात्रीनं कापून डायरीत ठेवल्या. त्यांनी विचारलं, कशाला? मी डायरी मिटली.

१३ मार्च, गुरुवार. होळी

यांची ओळ. “डिझेल. दीपीला चप्पल.”

दीपी म्हणजे मी. पण मला चप्पल आलेली आठवत नाही. खूप आठवून पाहिलं.

कोकिळाचा फोन. म्हणाली, “अक्का, यंदा आखाजीले भाऊंनी घागर शे ना. पितर म्हणून कोन बसी? यांना बसाडू का? भाऊंचा जीव होता त्यांच्यावर.”

माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या नावानं घागर भरायची आणि त्याच्या जागी एका माणसाला पाटावर बसवून जेवू घालायचं, ही आमच्याकडची रीत. त्या दिवशी त्या पाटावरचा माणूस म्हणजे गेलेला माणूस. त्याच्या पाया पडायचं. आणि ही म्हणते, तिथे नवलराव! कोर्टाच्या फळ्यावर ज्याचं नाव लागलं तो माझ्या नवऱ्याच्या पाटावर! मी ‘बघू’ म्हटलं आणि फोन ठेवला.

१९ मार्च, बुधवार

नवलराव स्वतः आले. पारोळ्याला कुठल्या तरी गाडीचं काम होतं, ते करून. बसले नाहीत, आधी अंगणात जनरेटरकडे गेले. मंडपाचं कापड उचलून आत बघितलं.

“अक्का, कितला दिन झाकी ठेवश्यात? गंजी जाई. आते भाव शे, इकी टाका.”

मी म्हटलं, “तुम्हाला विकायची सवय आहे नवलराव, आम्हाला नाही.”

ते हसले. मग म्हणाले, “सवय नही अक्का. माले एकच डाव इकनं पडनं.” चहा पिऊन गेले. पायी स्टँडवर गेले. कोकिळाची स्कूटी घेऊन का आला नाहीत विचारलं, तर म्हणे, “ती चालस आते. वजन कमी करानं शे तिले.” शाळा तिच्या घरापासून तीन किलोमीटर आहे. वजन कमी करायचं सुख कोणाला असतं, ते समजलं.

जनरेटर विकायचा नाही. खुर्च्या गेल्या, कनाती गेल्या, लोखंडी कमान गेली. ही एक वस्तू यांची राहिली. हप्ते भरायला यांनी सगळं विकलं, पण हे विकलं नाही. म्हणजे त्यांच्या मनात पुन्हा उभं राहायचं होतं.

२५ मार्च, मंगळवार

पतसंस्थेतला वसुलीचा झुलाल आज बाजारात दिसला. मला बघून भाजीच्या गाड्याआड गेला. आधी दर महिन्याला येऊन ओट्यावर बसायचा. कागदावर सहकर्जदार म्हणून माझीही सही आहे, त्यामुळे हे गेल्यावर तो माझ्याकडेच यायला लागला. दिवाळीनंतर मात्र एकदाही आला नाही. विधवेच्या दारात बसायची लाज वाटली असेल. चला, कोणाला तरी वाटली.

पण बाकी तशीच आहे. कधीतरी ते घरावर येतील. हे दोन खोल्यांचं घर, त्यात माझं सगळं. रोज बिबडे लाटून ते फिटणार नाही.

मग मी का नाही? नवलराव सुटतात तर मी का सुटू नये? दोन दिवस हाच विचार आहे. लाज वाटत नाही असं नाही. पण लाज आम्ही एकट्यांनीच का धरायची?

आठवलं ते लिहून ठेवते. नवलरावांची बातमी आली तेव्हा हे जेवत होते. मी वाढता वाढता म्हटलं होतं, “असं तोंड काळं करून जगण्यापेक्षा माणूस मेलेला बरा.” यांनी वरण मागितलं.

४ एप्रिल, शुक्रवार

आजच्या पानावर यांची ओळ:

“धुळे. कोर्ट. देवरे वकील. नाही.”

पाच शब्द. मी ते सकाळपासून वाचते आहे.

म्हणजे हे गेले होते! मला पारोळ्याला जातो सांगून धुळ्याला गेले असतील. तो दरवाजा यांना दिसला होता. समोर उघडा होता. आणि हे ‘नाही’ लिहून परत आले. नाक! नाकासाठी मला टाकून गेले. कोकिळाच्या नवऱ्याला नाक नव्हतं, म्हणून तिच्या घरी अजून पुरुषाची चप्पल दारात असते.

नवलरावांचे वकीलही देवरेच होते. मी जाणार.

९ एप्रिल, बुधवार. धुळ्याहून आल्यावर

सगळं क्रमानं लिहिते.

देवरे वकील कोर्टासमोरच्या गल्लीत बसतात. म्हातारे आहेत, टेबलावर फाईल कमी आणि औषधं जास्त. मी कात्रणं पुढे ठेवली आणि विचारलं, “धुळ्याकडच्या चौदा आणि आमच्याकडच्या दोन. असं का?”

त्यांनी कात्रणं उलटीपालटी करून पाहिली. म्हणाले, “तीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नाही. सगळे ‘माझं कधी होईल’ एवढंच विचारतात.” मग चहा मागवला आणि मनापासून सांगायला लागले. “एक तर असं की आमच्या या गल्लीत हा अर्ज टाईप करणारे तीन जण आहेत. एकानं केला, तो मेला नाही, घरीच आहे, हे शेजाऱ्यानं पाहिलं की शेजारी येतो. तुमच्याकडे पहिलाच कोणी निघाला नाही, तर दुसरा कुठून निघेल?”

“आणि डोंगराकडे? तिथे तर मजुरांवर मुकादमाची उचल असतेच.”

“असते. कागद नसतो. ज्याचा कागद नाही त्याचं दिवाळं कोर्टात कसं निघणार? ते अंगातून निघतं.”

मी म्हटलं, “एवढंच?”

“नाही. मोठं कारण दुसरं. धुळ्याला हायवे आहे. इथलं कर्ज गाडीवरचं, फायनान्सचं. गाडी ओढून नेली की संपलं. तुमच्याकडे पतसंस्था. तिथे कर्ज माणसावर मिळतं. इथे जामीन लोखंड, तिथे जामीन माणूस. कोर्ट कर्जदाराला सोडतं बाई, जामीनदाराला सोडत नाही. तुमच्याकडचा माणूस अर्ज करायला बसला की त्याच्या डोळ्यापुढे मेव्हणा येतो, मामा येतो, शाळेतला मित्र येतो. पेन खाली ठेवतो. तुम्ही म्हणता तुमच्याकडे दिवाळं निघत नाही. निघतं. फक्त ते नातेवाइकांत वाटलं जातं.”

मग त्यांनी विचारलं, “तुमचा जामीन कोण?”

दोन होते. एक वारले. दुसऱ्याचं नाव जामीन म्हणून या वहीत मी आजवर लिहिलं नाही. लिहायला नको वाटत होतं.

“माझी बहीण,” मी म्हटलं. “कोकिळा.”

२०१९ च्या आखाजीला मीच तिला सही करायला लावली होती. तेव्हा ती अमळनेरच्या शाळेत होती. पगारदार जामीन लागतो, असं पतसंस्थेनं सांगितलं. तिला पुरणपोळी वाढली, तूप घातलं आणि कागद पुढे केला. ती म्हणाली, “वाचू का?” मी म्हटलं, “बहिणीचा कागद वाचतेस?” तिनं बोटं पुसून सही केली.

देवरे वकिलांनी चष्मा काढला. “मंडपवाले चुडामण तुमचे कोण?”

“नवरा.”

“आले होते. इथेच बसले होते. त्यांनाही मी हेच सांगितलं. कोकिळाबाईंच्या पगारावर जाईल म्हटलं. ते उठले. माझ्या चहाचे पैसेही देऊन गेले.”

परत येताना एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले. म्हणजे ते नाक नव्हतं. हे कोकिळासाठी ‘नाही’ म्हणाले. तिचा पगार वाचावा म्हणून शिडीवर चढत राहिले. मला काही न सांगता. जाताना यांच्या मनात मी होते की ती होती? वाईट अर्थानं म्हणत नाही. तरी विचारते.

तिला दोन नवरे मिळाले. एकानं स्वतःला सोडवून घेतलं, दुसऱ्यानं तिला सोडवलं. माझ्या वाट्याचा तोच एक होता, तोही तिच्या कामी आला.

१० एप्रिल, गुरुवार

काल कोकिळाच्या घरीही गेले होते. थकल्यामुळे लिहायचं राहिलं.

ती शाळेतून यायची होती. नवलराव घरी होते, चुलीवर वांगी भाजत होते. भरिताचा वास गल्लीपर्यंत. गॅस आहे घरात, पण चुलीवरचं भरीत लागतं साहेबांना! फ्रीजची वायर काढून वर गुंडाळून ठेवलेली. आत कपडे ठेवलेत म्हणे. श्रीमंती थाट, फ्रीजचं कपाट केलं. कोकिळा आली, घामाघूम, चपला तुटायला आलेल्या. मला बघून तिचा चेहरा आधी उतरला आणि मग हसली.

“अक्का! फोन करती ना. काही करी ठेवतू.”

मी कुठे गेले होते ते सांगितलं नाही. कोर्टात एकीच्या जागेच्या कामाला सोबत आले म्हटलं. जेवताना नवलराव तिला म्हणाले, “तुन्ही अक्का मन्हा भरीतले नाव ठेवी, दख.” ती म्हणाली, “ठेवू दे ना. तुम्हनं नाव कोर्टानी ठेवेलच शे.” आणि दोघं इतकी हसली की नवलरावांना ठसका लागला. ती त्यांच्या पाठीवर थापट्या मारत होती.

त्या थापट्या बघून मी ठरवलं. अर्ज करायचा. अडकू दे तिला. पगार आहे, नवरा आहे, ठसका लागला तर थोपटायला पाठ आहे. थोडं जाऊ दे तिचं.

हे लिहिताना मला वाईट वाटत नाही. खरंच वाटत नाही.

१६ एप्रिल, बुधवार

वकिलांनी कर्जखात्याचा उतारा आणायला सांगितलाय. पतसंस्थेत गेले. झुलाल काउंटरवर होता. उतारा म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला.

“कशाले लागस काकू?”

“कामाला लागतो. माझं खातं आहे ना?”

“शे ना. पण साहेब येऊ द्या.”

“साहेब आले की तू परत भाजीच्या गाड्याआड जाशील. दे.”

त्यानं मशीनमधून कागद काढला, घडी केली, घडीवर घडी केली आणि हातात देताना म्हणाला, “काकू, मी काही सांगेल नही. त्यांनी शपथ घालेल होती.” मला वाटलं, साहेबांनी.

घरी येऊन ओट्यावर बसून वाचला. मी चौथी शिकलेली, पण कागद वाचल्याशिवाय बांधत नाही. ऑगस्टपर्यंत यांचे हप्ते. सप्टेंबर, ऑक्टोबर कोरं. नोव्हेंबरपासून दर महिन्याला एक ओळ: “जामीनदार पगार कपात.” डिसेंबर. जानेवारी. फेब्रुवारी. मार्च. एकही महिना चुकलेला नाही.

पाच ओळी.

पहिला विचार आला तो चांगला नव्हता. तो लिहून ठेवते, कारण ही वही खोटी करायची नाही. पहिला विचार हा आला की, इथेही तीच पुढे गेली. मला न सांगता मोठी झाली. मी तिचा पगार अडकवायचं ठरवत होते, आणि तो अडकवायलाही तिनं माझ्यासाठी ठेवला नाही.

मग बांगड्या आठवल्या. मग स्कूटी. मग फ्रीज. मग चूल.

बिबडे उन्हात तसेच राहिले. कडक होऊन वर वळले. ताईबाईंनी ओरडून सांगितलं तेव्हा उठले.

१७ एप्रिल, गुरुवार

यांनी नाही म्हटलं आणि तिनं भरले. मला दोघांनीही विचारलं नाही. का विचारलं नाही, हे मी आज सकाळपासून शोधते. आणि सापडलं ते मला आधीपासून माहीत होतं. ज्या बाईनं जेवणाच्या ताटावर ‘मेलेला बरा’ म्हटलं, तिला कोण येऊन सांगेल?

माझी आणखी एक चूक झाली. मी धुळ्याच्या नोटिसा मोजल्या. अमळनेरच्या वर्तमानपत्रात छापून येत नाहीत. त्या बहिणीच्या हातातल्या काचेच्या बांगड्यांत आणि तीन किलोमीटर चालण्यात असतात.

२२ एप्रिल, मंगळवार

नवलरावांना फोन केला. जनरेटर बघायला या म्हटलं. दुपारी आले, सोबत शिंदखेड्याचा चिंधा नावाचा मंडपवाला घेऊन. कापड काढलं, फिल्टर साफ केला, डिझेल घातलं. दोनदा नुसता धूर. तिसऱ्यांदा सुरू झाला.

तो आवाज. गल्लीतली सगळी माणसं बाहेर आली. ताईबाई दारात हात जोडून उभ्या राहिल्या. मी आत गेले आणि पाण्याचा तांब्या उगाच भरला, ओतला, भरला.

नवलराव कान लावून ऐकत होते. म्हणाले, “भाऊंनी हाई मशीन पोरनागत जपेल शे. दखा, एक बोल्ट ढिला नही.” चिंधानं भाव पाडायला सुरुवात केली, तर त्याला म्हणाले, “भाऊ, मी दिवाळखोर मानूस शे, माले भाव पाडनं कळस. दुसरा सांग.” चिंधा हसला आणि भावात वर चढला.

तो गेल्यावर मी विचारलं, “नवलराव, तुम्हाला लाज नाही वाटली का हो? तेव्हा?”

“वाटनी ना अक्का. फळ्यावर नाव लागनं त्या दिवशी मी घर गऊ नही. पांझरेच्या पुलावर बसनू. कोकिळा शोधत उनी. म्हने, चला, वरण-बट्टी थंडी व्हई ऱ्हायनी.” फडक्यानं हात पुसले. “बट्टी करेल नव्हती तिनी. घर जाईसन करी.”

माझ्या नवऱ्याला शोधत कोणी पुलावर गेलं नाही.

त्यांना म्हटलं, “आखाजीला लवकर या. पाटावर तुम्हाला बसायचं आहे.”

२४ एप्रिल, गुरुवार

पतसंस्थेत गेले. जनरेटरच्या पैशांत बाकी भागली, वर थोडे उरले. झुलालनं ‘खाते बंद’चा शिक्का मारला आणि न विचारता स्वतःच्या पैशानं चहा मागवला. देवरे वकिलांना फोन करून अर्ज नको म्हटलं. ते म्हणाले, “म्हणजे तुमच्याकडच्या दोनच राहिल्या.” मी म्हटलं, “दोनच.”

अंगणात जनरेटरच्या जागी तेलाचा चौकोन उमटलाय. माती टाकून बघितली. वर येतोय.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

घागर भरली. वर लहान मडकं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, बाजूला दोन आंबे. खापरावरच्या पोळ्या ताईबाईंनी करून दिल्या, माझ्या हातून फाटत होत्या. नवलराव पाटावर बसले, धुतलेला शर्ट घालून, पोरासारखे ताठ. मी पाया पडले. डोकं वर केलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, “अक्का, लवकर वाढा, नही ते मी पितर व्हईसन रडसू.”

मग आम्ही दोघी बसलो. कोकिळाच्या ताटाखाली मी ‘खाते बंद’ची पावती ठेवली होती. ताट सरकवताना तिला दिसली.

“हाई काय शे?”

“वाच. या वेळी वाच.”

तिनं वाचलं. तोंडातला घास तसाच राहिला. “तुले कोनी सांगं?”

“तू तर नाही सांगितलंस.”

“सांगं असतं ते तू माले घरमा लेती?”

“नसतं घेतलं,” मी म्हटलं. खरं तेच सांगितलं.

ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. मी तिच्या पोळीवर तूप घातलं, जास्त पडलं. जनरेटरचे उरलेले पैसे रुमालात बांधून दिले. पाच महिन्यांचे होत नाहीत, कमी आहेत. बाकीचे बिबड्यांतून देईन म्हटलं. तिनं नको म्हटलं. मी म्हटलं, “घे. नाहीतर मी परत तुझा हेवा करेन.” तिनं घेतले.

आता दोघं अंगणात भांडी घासताहेत. त्यांनी मला उठू दिलं नाही. नवलराव राख लावतात, ती पाणी ओतते, आणि कशावरून तरी हसणं चालू आहे. हेवा गेला असं मी लिहिणार होते. गेला नाही. इथून, उंबऱ्यावरून, त्यांच्या हातांकडे बघते आणि तो तिथेच आहे. पण मघाशी मी हाक मारून सांगितलं, “आज जाऊ नका, गाद्या आहेत घरात,” आणि कोकिळानं मागे न बघताच “बरं” म्हटलं.

आजच्या पानावर यांची ओळ नव्हती. सकाळी उघडलं तेव्हा पान कोरं होतं. खालपर्यंत मीच भरलं.